पिवळा फ्रॉक कोरडा होता

राजोडी,
८ डिसेंबर २०२४

प्रिय हिल्डा आत्या,

फोनच करणार होते, पण पप्पा म्हणाले, आता कानात मशीन घालूनही तुला फोनवरचं कळत नाही, आणि तू नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणून फोन ठेवतेस. म्हणून पत्र. मी आयुष्यात लिहिलेलं हे पहिलं पत्र आहे. पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा हे पोस्टातल्या काकांना विचारलं, तर ते हसले.

काम असं आहे. एफवायला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या यमुना सावे मॅडमनी एक वही करायला सांगितली आहे. तिचे तीन भाग. पहिला, आपण रोजच्या जगण्यात काय काय मानतो. दुसरा, वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल आपलं स्वतःचं मत. तिसरा, लहानपणची एक आठवण. त्यात एक अट आहे. "आठवणी लबाड असतात," मॅडम म्हणाल्या. "तिथे हजर असलेल्या एका माणसाला विचारा आणि तो काय म्हणतो तेही लिहा."

पहिला भाग मी एका तासात संपवला. केळफूल आल्यापासून घड उतरेपर्यंत फण्या मोजायच्या नाहीत. पेपरला निळ्या टोपणाचंच पेन. घरातून निघताना तारेवर खंड्या बसलेला दिसला तर दिवस चांगला. आणि सगळ्यात मोठं, मला पाणी ओढतं. आजी सांगायची ना, "पान्यानं एकदा चव घेतली की ते मानसाला विसरत नाय." हे मी अजून मानते. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, आणि घोट्याच्या वर माझा पाय कधी भिजला नाही. शाळेच्या एकाही सहलीला मला पाठवलं नाही, कारण सहलीला कुठेतरी पाणी असतंच.

दुसऱ्या भागासाठी लायब्ररीतून एक जुनी कादंबरी आणली. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली पानं गायब, त्यामुळे नाव माहीत नाही. नायिका शेवटी विहिरीत उडी घेते. मी वहीत लिहिलं, "आपल्या पुस्तकांतल्या बायका विहिरीवर गेल्या की दोनच गोष्टी करतात, पाणी भरतात नाहीतर जीव देतात. पोहत कुणीच नाही." मॅडमनी खाली लाल रेघ मारली आणि "छान" लिहिलं. पण मी काय मोठी सांगणारी!

तिसऱ्या भागासाठी तू हवीस. मी बावखलात पडले ती आठवण. माझी मैत्रीण आर्या विरारला मनवेलपाड्यात राहते. ती म्हणाली, बावखल म्हणजे काय? मी म्हटलं, वाडी शिंपायला पणजोबांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, आमच्याकडे वाडीवाडीत असतं. मला आठवतं ते एवढंच: हिरवं पाणी, कानात दडे, एक प्रचंड मोठा आवाज, आणि कुणीतरी केस धरून वर ओढलं. मम्मी तेव्हा बाजारात होती. आजी गेली. पप्पा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. राहिलीस तू.

आणि पप्पांनी तुला संमतीचा कागद पाठवला आहे, तो मिळाला का? सातिवलीतली त्यांची कंपनी ऑगस्टमध्ये बंद झाली. आता शनिवार-रविवार येणाऱ्यांसाठी वाडीत दोन खोल्या बांधायच्या म्हणतात. गाड्यांना जागा हवी म्हणून बावखल भरायचं. सातबारावर तुझंही नाव आहे, तुझी सही लागेल. मला तर बरंच वाटलं. पप्पा म्हणतात, "नायतरी त्या पान्यानं माझी पोर नेली असती."

उत्तर लवकर दे. वही फेब्रुवारीत द्यायची आहे.

तुझी,
ॲनिशा

*

जव्हार,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय ॲनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुझ्या आजोबांसारखं आहे, उजवीकडे पळणारं. जरा आवर त्याला.

माझे कान गेले हे खरं. निवृत्तीनंतरही मी इथल्या वसतिगृहातल्या मुलींना संध्याकाळी वाचून दाखवते. त्या माझ्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहितात. त्यामुळे त्यांचं शुद्धलेखन सुधारलं. देव एक दार लावतो आणि मुलींना दीर्घ वेलांटी शिकवतो.

विहिरीबद्दल तू जे लिहिलंस ते मला आवडलं. मॅडमच्या "छान"वर थांबू नकोस. आपल्या पाड्यात बायका पोहायच्या. मी स्वतः बाराव्या वर्षी फ्रॉकचा घेर कमरेला खोचून आपलं बावखल आडवं पार करत असे. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आम्हाला पाहिलं नाही, हा त्यांचा दोष.

आता तुझी आठवण. आजीने सांगितलं तेच खरं समज. तू साडेचार वर्षांची होतीस. मे महिना, भर दुपार. माझ्या आईने हाक मारली म्हणून मी घरात गेले होते. परत आले तोवर तुझ्या पप्पांनी, एडवर्डने, तुला बाहेर काढून मांडीवर पालथं घातलं होतं. तू थरथरत होतीस. धुण्याच्या दगडावरचा तुझा पिवळा फ्रॉक उचलून मी तुझ्या डोक्यातून घातला आणि तुला घरात नेलं. एवढंच लिही. साक्षीदार म्हणून माझं नाव घालायला हरकत नाही.

कागदावर सही करून तो आजच तुझ्या वडिलांना पाठवला आहे. भरू दे त्याला.

नाताळाच्या शुभेच्छा. तुझ्या मम्मीला, सालोमीला सांग, सुकेळी पाठवू नकोस, वाळवलेली केळी चावणारे माझे दात आता राहिले नाहीत.

तुझी आत्या,
हिल्डा

*

राजोडी,
३ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. मम्मीने तरीही सुकेळी पाठवली आहेत, मुलींना दे.

तुझं पत्र मी वहीत उतरवून घेतलं. उतरवताना एका ओळीपाशी अडकले आणि अजून तिथेच आहे. "धुण्याच्या दगडावरचा तुझा पिवळा फ्रॉक उचलून मी तुझ्या डोक्यातून घातला."

आत्या, मी जर पाय घसरून पडले, तर माझा फ्रॉक दगडावर कसा? तो माझ्या अंगावर, ओलाचिंब असायला हवा होता ना? थरथरणाऱ्या मुलीला तू घातलास, म्हणजे तो कोरडा होता. मला आधी वाटलं, तुझ्या लिहिण्यात काहीतरी चुकलं. पण तू तर वेलांटीही चुकत नाहीस.

म्हणून नाताळाच्या दुपारी पप्पांना विचारलं. जेवून ते व्हरांड्यात बसले होते, खुशीत होते. म्हटलं, "पप्पा, तुम्ही आलात तेव्हा मी कुठे होते?" मग म्हणाले, "मधोमध." एवढंच बोलले आणि उठून गेले.

काठावर पाय घसरलेली साडेचार वर्षांची मुलगी मधोमध कशी जाईल? आपलं बावखल काय, नदी आहे का वाहून न्यायला?

मी मम्मीला विचारलं नाही. आर्याला विचारलं. ती म्हणाली, "तुझी आत्या काहीतरी लपवतेय, आणि तिला ते लपवायचं नाहीये. नाहीतर तिने फ्रॉकचं लिहिलंच नसतं." आर्याला डिटेक्टिव्ह मालिका बघायची सवय आहे, तिचं मनावर घेऊ नकोस. पण उत्तर दे.

तू आमच्याकडे येत का नाहीस? चौदा वर्षांत फक्त आजीच्या मातीला आलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. मला नेहमी वाटायचं, तुला आम्ही आवडत नाही.

ॲनिशा

*

जव्हार,
२६ जानेवारी २०२५

प्रिय ॲनू,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. घाबरले होते.

तू पडली नव्हतीस.

त्या मे महिन्यात रोज दुपारी, सगळे झोपले की, मी तुला बावखलावर नेत असे. दोन सुके नारळ दोरीने बांधायचे आणि ती दोरी तुझ्या पोटाखालून घ्यायची. मलाही माझ्या वडिलांनी असंच शिकवलं. तू चौथ्या दिवशी हात मारायला लागलीस, सहाव्या दिवशी नारळ फक्त नावाला होते. आईला पोरींनी पोहणं आवडत नव्हतं, म्हणून हे आपलं गुपित. तू ते इतकं चोख पाळलंस की मला हसू यायचं. जेवताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचीस, दोन्ही.

नवव्या दिवशी तुझा फ्रॉक काढून दगडावर ठेवला आणि आईची हाक आली. मी म्हटलं, "इथेच बस. नारळ बांधल्याशिवाय पाण्यात जायचं नाही." साडेचार वर्षांच्या मुलीला पाण्याशेजारी एकटं ठेवून मी गेले. ही माझी चूक. तिला दुसरं नाव नाही.

घरातून परत येताना माडांच्या मधून मला तू दिसलीस. तू मधोमध होतीस. नारळ दगडावर. ॲनू, तू बुडत नव्हतीस, तू पोहत होतीस. डोकं वर, हात पुढे, तोंडातून पाण्याची फुर्र काढत. मी जागीच थांबले. खरं सांगते, भीतीच्या आधी मला अभिमान वाटला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर एडवर्ड आला. त्याने तुझ्या नावाने जी किंकाळी फोडली, तशी मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. तुला आठवतो तो मोठा आवाज तोच असेल. तू दचकलीस, तोंड उघडलंस, पाणी आत गेलं आणि तू खाली गेलीस. त्याने उडी मारून तुझे केस धरले.

नंतर सगळे म्हणाले, पोर घसरली. कुणी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एडवर्ड आठ दिवस तापाने फणफणला होता. आई तुझ्या गळ्यात चर्चमधून आणलेलं मेडल बांधत होती. त्या गडबडीत आज सांगू, उद्या सांगू करत जून आला आणि मी इथल्या आश्रमशाळेत अर्ज केला. तुम्ही मला आवडत नाही म्हणून नाही. तुला पाण्यापासून लांब ठेवलेलं माझ्याने बघवत नव्हतं, आणि तोंडही उघडवत नव्हतं.

संमतीच्या कागदावर सही करताना वाटलं, बावखल बुजलं की हेही बुजेल. आता कागद तिकडे पोचला आहे. तो परत मागायचा तर आधी एडवर्डला खरं सांगायला हवं. मी सांगेन. तू सांगू नकोस, मला थोडा वेळ दे.

वहीत काय लिहायचं ते तू ठरव.

हिल्डा

*

राजोडी,
१० फेब्रुवारी २०२५

माझ्या लाडक्या आत्या,

मी रागावले का? हो, एक पूर्ण दिवस. आर्याला तुझं पत्र दाखवलं आणि तिच्यासमोर तुला खूप बोलून घेतलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "एक सांगू? तू चार वर्षांची असताना एकटी तळ्याच्या मधोमध गेलीस. मला तर चौथ्या वर्षी बुटाची लेस बांधता येत नव्हती."

तेव्हा मला रडू फुटलं, पण कसं सांगू, ते चांगलं रडू होतं. आत्या, मी चौदा वर्षं समजत होते की पाण्याने मला ओढलं. पाण्याने नाही ओढलं. मी गेले होते! माझी मी गेले होते!

दुसऱ्याच दिवशी तरणतलावाचा फॉर्म भरला. सकाळची बायकांची बॅच. आर्यापण येते, विरारहून, माझ्यासाठी लवकर उठून, आणि रोज त्याबद्दल ऐकवते. मला वाटलं होतं, पाण्यात उतरल्याबरोबर सगळं आठवेल आणि मी माशासारखी सुटेन. कसलं काय. पहिल्या दिवशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून परत वर चढले. शिकवणाऱ्या नताशा मॅडम म्हणाल्या, "उतर." मी म्हटलं, "मॅडम, मला पाणी ओढतं." त्या म्हणाल्या, "पाणी सगळ्यांना वर ढकलतं. तुलाच काय वेगळं करणार आहे?" चार दिवस मी दांडा धरून उभी होते. सात वर्षांच्या मुली माझ्या बाजूने सुळसुळ जात होत्या. पाचव्या दिवशी तोंड पाण्यात घातलं. काल दांडा सोडला. तीन फूट गेले असेन. तीनच. पण दांडा मागे होता, आत्या!

घरी सांगितलंय, लायब्ररीत जाते. परवा मम्मीने माझी वेणी हातात धरली आणि पिळली. थेंब पडले. म्हणाली, "लायब्ररीत पाऊस पडतो का गो?" मी सगळं सांगितलं. तुझंही. माफ कर, मम्मीपासून लपवता येत नाही. पप्पांना मात्र सांगणार नाही, वचन. तिने हातातलं काम ओट्यावर ठेवलं. मग नारळाचं तेल घेऊन मला खाली बसवलं, डोकं खसाखसा चोळलं आणि म्हणाली, "केस वाळवून येत जा. तुझ्या पप्पांचं नाक तिखट आहे."

आणि मला आता बावखल भरलेलं नको आहे. शेजारच्या वाडीतलं मागच्या वर्षी भरलं, तर त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं. केळी पिवळी पडली. हे मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पानी खारं झालं तर विकत घेऊ. पोर विकत मिळत नाय."

ईस्टरनंतर भरणार म्हणतात. त्याआधी मला पार करायचंय. आडवं. तू करायचीस तसं.

तुझी पोहणारी (तीन फूट),
ॲनिशा

*

जव्हार,
४ मार्च २०२५

प्रिय ॲनू,

तीन फूट हे अंतर मोठं आहे. त्यापुढचं सगळं त्याचीच पुनरावृत्ती असते.

आता माझं ऐक. तरणतलावाच्या तळाला फरशी असते आणि रेघ असते. बावखलाला तळ दिसत नाही. वरचं पाणी कोमट आणि कमरेखालचं एकदम गार असतं. त्या गारव्याला सगळे घाबरतात, त्याला काही नाव देऊ नकोस. पूर्वेकडच्या कोपऱ्यात शेवाळ आहे, तिकडे जायचं नाही. दगडाच्या पायऱ्यांवरून उतरायचं, समोरच्या काठावरच्या उंच, जुन्या भेंडीच्या झाडाकडे बघत जायचं. आणि काठावर पोहता येणारं माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही. ही शेवटची गोष्ट मी चौदा वर्षांनी सांगते आहे, पण सांगते आहे.

एडवर्डला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात मी फार रडत होते, दुसऱ्यात फार शहाणी होते, तिसऱ्यात आईला दोष देत होते. उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचे उपास सुरू. उपासात गोड सोडतात तशी मी भीती सोडेन म्हणते. बघू.

मुलींना तुझी ती विहिरीची ओळ वाचून दाखवली. एकीने पाटीवर लिहिलं, "मग पोहणाऱ्या बाईचं पुस्तक कोण लिहिणार?" मी तुझा पत्ता दिला नाही, काळजी करू नकोस.

तुझी आत्या,
हिल्डा

*

राजोडी,
३० मार्च २०२५

आत्या,

हात दुखतायत, अक्षर उजवीकडे पळालं तर पळू दे. मी वचन मोडलं. आधी ते सांगते. मग बाकीचं.

काल शनिवार. तरणतलावावरून मी आणि आर्या साडेनऊला घरी आलो. ती मम्मीच्या हातचं खायला आली होती. फाटकाशी बघते तर डंपर उभा. बावखलाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात डबराचा एक ढीग पडलेलाही. भरावाचं काम घेणारा फ्लॉईड म्हणाला, विरारला एक बिल्डिंग पाडली, माल आयता मिळाला, ईस्टरची वाट कशाला बघायची. डंपर मागे मागे येत होता, ते टी-टी-टी वाजत होतं, आणि पप्पा हात दाखवत होते, "येऊ दे, येऊ दे."

मी ओरडले, "पप्पा, थांबवा!" त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी बॅग आर्याकडे दिली. पोहायचे कपडे कुर्त्याच्या आत अंगावरच होते. कुर्ता काढला, दगडाच्या पायऱ्या उतरले आणि गेले पाण्यात. ठरवलं नव्हतं गं. एकच डोक्यात होतं, पाण्यात माणूस असेल तर कुणी वर डबर ओतणार नाही.

तू लिहिलंस तसंच होतं. वर कोमट, खाली गार. तळ नाही, रेघ नाही, पायाला काहीतरी मऊ लागलं आणि मी पाय पोटाशी ओढले. भेंडीकडे बघितलं. हात मारला. दुसरा मारला. मोजत होते, सव्वीसाव्या हाताला मी मधोमध होते.

डंपर थांबला. फ्लॉईडच्या तोंडून शिवी गेली. आणि पप्पा! आत्या, तू लिहिलेली किंकाळी मी काल ऐकली. "ॲनिशाऽऽ!" तीच असणार. कानात चौदा वर्षं तीच होती.

पण ह्या वेळी मी दचकले नाही. जागच्या जागी पाय मारत राहिले आणि ओरडले, "पप्पा, मी बुडत नाहीये!"

"भायेर ये! हात दे, भायेर ये!"

"नाही येणार. बघा माझ्याकडे. नीट बघा. मी पोहतेय!"

"तुला पान्यानं..."

"पाण्याने काही केलं नव्हतं. मी तेव्हाही पोहत होते! हिल्डा आत्याने शिकवलं होतं. तुम्ही ओरडलात म्हणून घाबरले मी!"

हे असं तोंडातून गेलं. तू सांगायचं होतंस, मी सांगितलं. माफ कर.

पप्पांचे वर केलेले हात तसेच राहिले. मम्मी धावत आली, तिच्या हाताला पीठ होतं. ती पप्पांना म्हणाली, "दोन महिने शिकतेय ती. मला माहीत आहे." पप्पांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपलांसकट, शर्टासकट, खिशातल्या मोबाईलसकट उडी मारली.

मला वाचवायला आले गं! पण वर्षानुवर्षं पाण्यात उतरले नाहीत, गुडघे दुखतात, माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांनाच धाप लागली. मी म्हटलं, "पप्पा, खांद्यावर हात ठेवा, घाई करू नका." त्यांनी ठेवला. माझ्या खांद्यावर, आत्या. आणि आम्ही दोघे भेंडीपर्यंत गेलो. आडवं पार.

तिथे झाडाच्या मुळाला धरून ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. हसतायत की रडतायत कळेना, तोंड आधीच ओलं. म्हणाले, "कोनी शिकवलं म्हनालीस?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीने." म्हणाले, "मला पन तिनंच शिकवलं. सहा वर्षांचा होतो."

डंपरवाला तिकडून ओरडला, "शेठ, माल कुठे टाकू?"

पप्पा पाण्यातूनच ओरडले, "जिथनं आनलास तिथं ने! आनि तो कोपऱ्यातलापन भरून ने!"

आर्याने टाळ्या वाजवल्या, फ्लॉईडने कपाळाला हात लावला, आणि मम्मी तेवढी शांतपणे म्हणाली, "रोट्या करपल्या."

सोबत पप्पांची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. (वाचली.)

ॲनिशा

*

(चिठ्ठी)

हिल्डाबाय,

मला लिहायला जमत नाय, तुला ठाऊक आहे.

पोरीनं सांगितलं. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. काल दुपारभर होता. संध्याकाळी सालोमी म्हनाली, तुम्ही ओरडला नसता तर पोर काठाला आली असती. तेव्हापासून विचार करतोय. तू लपवलंस आनि मी ओरडलो. दोघांनी मिळून पोरीला चौदा वर्षं कोरडं ठेवलं.

तो कागद मी फाडला. गाड्या गोठ्याच्या जागेवर लावू, तसाही गोठा रिकामा आहे.

ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी ये. वसईच्या एसटी स्टँडवर उभा राहीन. ऐकू येत नाय म्हनतात तर पाटी घेऊन उभा राहीन.

एडवर्ड

*

जव्हार,
८ एप्रिल २०२५

प्रिय एडवर्ड, सालोमी आणि ॲनू,

शनिवारी सकाळच्या बसने निघते. पाटी नको. तुझं तोंड मला ओळखता येतं.

एडवर्ड, तुझी चिठ्ठी मी उशाशी ठेवली आहे. इतक्या चुका असलेलं आणि एकही चूक नसलेलं पत्र मला आजवर आलं नव्हतं.

ॲनू, मोडलेल्या वचनाबद्दल तुला शिक्षा म्हणून बावखलाच्या तीन फेऱ्या. मी काठावर बसून मोजेन.

हिल्डा

*

राजोडी,
११ मे २०२५

प्रिय आत्या,

तू गेल्याला आता दोन आठवडे झाले, तरी पप्पा सकाळी दोन कप चहा घेऊन व्हरांड्यात येतात आणि मग एक स्वतःच पितात. पुढच्या खेपेला पंधरा दिवसांवर भागणार नाही, असं त्यांनी मला लिहायला सांगितलं आहे.

वहीचा निकाल लागला. ती मी फेब्रुवारीत दिलीच नव्हती, मॅडमकडून मुदत मागून घेतली होती. पुढे काय होतंय ते बघून द्यायची होती. मॅडमनी आठवण मला वर्गात वाचायला लावली. आधी घाईघाईने वाचत होते, मग डंपर आला आणि सगळा वर्ग बाकांवरून पुढे सरकला. "जिथनं आनलास तिथं ने" ला तर शिट्ट्या पडल्या. शेवटच्या पानावर मॅडमनी लिहिलं आहे, "पहिला भाग पुन्हा लिही. आता तू काय मानतेस?" विचार करतेय. फण्या मोजायच्या नाहीत हे अजून मानते. बाकीचं बघू.

पण पत्र लिहितेय ते वेगळ्यासाठी.

मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गल्लीतल्या दोघीजणी मम्मीकडे आल्या. आधी लोणच्याचं बोलल्या, मग कुणाच्या लग्नाचं, मग एकीने हळूच विचारलं, "तुमची ॲनिशा शिकवील का आम्हाला? आमचं जन्माचं बावखल शेजारी, आणि आम्ही काठावरून बादल्या बुडवल्या फक्त." मी नताशा मॅडमना विचारलं, त्या रविवारी सकाळी यायला तयार झाल्या. पप्पांनी काठावर माडाचं खोड आडवं टाकून पकडायला दांडा केला. ते भेंडीखाली पाठ करून बसतात, बायकांना लाज वाटू नये म्हणून, आणि लांब दोरी बांधलेली ट्यूब जवळ ठेवतात.

आज सातजणी होत्या. सर्वांत मोठी एकसष्ट वर्षांची. गाऊन, जुने ड्रेस, एकीने तर नवऱ्याची हाफपँट घातली होती. इतका आरडाओरडा आणि हसणं मी आमच्या वाडीत कधी ऐकलं नव्हतं.

मम्मी पायरीवर उभी होती. म्हणत होती, "मी नाही, मला भाकऱ्या टाकायच्यात." नताशा मॅडम म्हणाल्या, "भाकऱ्या पळून जात नाहीत." मी हात पुढे केला. मम्मी उतरली. पाणी कमरेला लागलं तशी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. मी म्हटलं, "मम्मी, मागे टेक. माझा हात पाठीखाली आहे. मान सैल सोड." ती "येशू, येशू" करत मागे झाली. डोळे गच्च मिटलेले. पाय वर आले. गाऊन फुगून पसरला. मी आधी एक हात काढला, मग दुसरा, आणि तिला सांगितलंच नाही.

तिने डोळे उघडले. वर माडांच्या मधून आभाळ होतं. सत्तेचाळीस वर्षांची मम्मी, पहाटे उठून भाकऱ्या थापणारी, कधी मान वर करून उभी राहिलेली मी पाहिली नाही. बराच वेळ ती तशीच तरंगत राहिली.

मग ती म्हणाली, मला नाही, कुणालाच नाही, "अगो, एवढं मोठं असतं होय हे!"

तुझी,
ॲनिशा